कोल्हापूरच्या घरात बे विंडो कशी करावी

भिंतीच्या रेषेबाहेर काढलेल्या आणि तीन बाजूंनी तावदाने असलेल्या खिडकीला बे विंडो म्हणतात. मधले तावदान बहुधा पक्के असते आणि बाजूची दोन उघडतात. बाजू बहुधा ३० किंवा ४५ अंशांत तिरक्या असतात. काटकोनात असल्या तर पेटीसारखा आकार होतो आणि फ्लॅटमध्ये बहुधा तोच दिसतो.

प्रथम दिशा ठरवावी. कोल्हापुरात पावसाळी वारा पश्चिमेकडून झोडपतो आणि एप्रिल-मेमधले दुपारचे ऊनही तिकडूनच येते, म्हणून पश्चिमेची भिंत शक्यतो टाळावी. सकाळच्या चहाला पूर्व उत्तम.

त्यानंतर इंजिनिअरला जागा दाखवावी. पेठांमधल्या अनेक जुन्या घरांत भिंतीच भार पेलतात, त्यामुळे वरती तुळई घातल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. महापालिकेची परवानगी, आणि फ्लॅट असल्यास सोसायटीचीही, आधीच घ्यावी.

खरी कसोटी पाण्याची आहे. खिडकीवरच्या छज्जाला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा आणि त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडे आत, बोटभर रुंद खाच ठेवावी. ती नसेल तर थेंब कडेवरून न गळता छज्जाच्या पोटाला चिकटून सरकत भिंतीपर्यंत येतो. चौकटीबाहेरच्या कडाप्प्यालाही असाच उतार हवा. आमच्या मिस्त्रींनी तो पाणसळ लावून अगदी सपाट बसवला होता आणि त्या अचूकपणाची किंमत आम्ही पहिल्याच जुलैत भिजलेल्या गादीने मोजली. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट सिलिकॉनने भरावी आणि मे महिन्यातच वरून पाइपने पाणी सोडून, आतून कोपऱ्यांवर हात फिरवून ओल तपासावी.

बसण्यासाठी गादीसह सुमारे ४५ सेंटिमीटर उंची आणि ५० ते ६० सेंटिमीटर खोली पुरते. मात्र बैठकीवर चढलेले मूल थेट काचेशी पोहोचते, म्हणून वरच्या मजल्यावर ग्रील अनिवार्य समजावे आणि काच टफन्ड घ्यावी. बैठकीखाली खण करण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि तो रास्तही आहे; फक्त त्यांच्या दारांना जाळी ठेवावी, नाहीतर ऑगस्टमध्ये आत ठेवलेल्या गोधड्यांना बुरशीचा वास येतो.