लेखनाच्या टेबलाजवळ मांजराची जागा
ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये घरूनच लेखन करणाऱ्यांनी टेबल मांडतानाच मांजराची जागाही ठरवावी. मांजर उबेसाठी लॅपटॉपच्या कीबोर्डवर येऊन बसते. त्याला सारखे उठवण्यापेक्षा कोपराशेजारी जुन्या गोधडीची चौपदरी घडी ठेवावी आणि ती वारंवार धुऊ नये, कारण स्वतःचा वास असलेली जागा मांजर सहसा सोडत नाही. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे, तर मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वरचे, म्हणजे कितीतरी उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात. म्हणून लिहिताना संगीत लावायचा स्पीकर त्या गोधडीपासून दूर, पुस्तकांच्या कपाटावर असावा आणि आवाज बेताचाच ठेवावा. वाक्य जुळवताना गाण्याचे शब्द आड येतात, तेव्हा बासरी किंवा सरोद उत्तम. लोंबकळणाऱ्या वायरी टेबलाच्या पायाला बांधून टाकाव्यात.