देण्यासाठी गोधडी शिवताना

गोधडीचा निम्मा निकाल सुई हातात घेण्याआधीच लागलेला असतो. टाके थोडे वाकडे आले तरी गोधडी वर्षानुवर्षं टिकते. पण कापड विरलेलं निघालं किंवा थर सैल अंथरले गेले, तर दोन-चार धुण्यांतच तिचा गोळा होतो. घरच्या घरी तशी गोधडी चालवून घेतात. दुसऱ्याला द्यायची असेल तर चालत नाही.

म्हणून आधी ठरवा, कोणासाठी. मैत्रिणीला द्यायची असेल तर पाच थरांची, एका माणसाची गोधडी पुरते. वृद्धाश्रमासाठी तीनच थर ठेवा, कारण थकलेल्या हातांना जड पांघरूण अंगावर ओढता येत नाही. ऊसतोड कामगारांच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, ती जमिनीवर अंथरली जाणार. तिथे पाच थर आणि खालची बाजू गडद, दणकट कापडाची हवी. त्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, तेव्हा गोधड्या त्याआधी पोचायला हव्यात. संस्थेला द्यायच्या असतील तर तिथे धुणं कसं होतं ते आधी विचारा. पाच थरांची गोधडी कोरडी दीड ते दोन किलो भरते, भिजली की दुपटीहून जड होते. हाताने धुणारं एकच माणूस असेल तर तुमची जाडजूड भेट माळ्यावर जाईल.

कापड सुतीच घ्या. जुनी नऊवारी लुगडी, सुती साड्या, धोतर, मऊ पडलेल्या चादरी, सगळं चालतं. जॉर्जेट आणि नायलॉन सुईखाली सरकतात, घामही शोषत नाहीत. टेरिकॉट आणि सुती एकत्र घातलं तर सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही आणि वर चुण्या पडतात. जरीचे काठ काढून टाका. ते टोचतात आणि काळे पडतात. प्रत्येक कापड उजेडासमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे ते विरलंय. तिथे दोन्ही हातांनी ओढून पाहा. टरकलं तर तो भाग बाद, नुसतं ताणलं गेलं तर आतल्या थरात चालेल. साडीत बसण्याचा भाग सगळ्यात आधी विरतो, पदर आणि आतला खोचा बहुधा शाबूत असतो. लाल, मरून, गडद निळा यांवर ओलं पांढरं फडकं घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड रंग जाणं थांबेपर्यंत वेगळं धुवा, नाहीतर वापरूच नका. नवं मांजरपाट अस्तराला घेणार असाल तर आधी रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. त्यातली खळ जाते आणि आटायचं ते आधीच आटतं.

आता हिशेब. तयार गोधडी ५७ इंच रुंद आणि ८४ इंच लांब, म्हणजे साधारण पावणेपाच फूट बाय सात फूट. कापडाचा पन्हा ४५ इंच धरला तर ६० इंचांचे दोन तुकडे किनारीला किनार जोडून एक थर होतो. पाच थरांना दहा तुकडे लागतात. एका नऊवारीतून पाच तुकडे निघून सुमारे अर्धा मीटर उरतो, त्यामुळे दोन लुगडी पुरतात. सहावारीतून तीनच निघतात, म्हणून साड्या चार. सुती साडी कात्रीपेक्षा फाडून सरळ तुटते: काठाला छोटा छेद द्या आणि ओढा. वरचा आणि खालचा थर ६० बाय ८७ इंचांचा ठेवा, आतले तीन ५७ बाय ८४ चे. जोड सगळ्या थरांत एकावर एक आले तर मधोमध कडक वळ उठतो आणि सुई अडते. आतले थर कापताना जोड दोन-अडीच इंच इकडेतिकडे सरकवा.

दोरा जाड सुतीच हवा. क्रोशाचा २० नंबरचाही चालतो. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा चिवट असतो, तो हळूहळू कापडालाच कापत जातो. ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर ५७ ओळी होतात, एकेरी दोरा सुमारे १५० मीटर लागतो. दीड इंच ठेवलं तर १०० मीटर पुरे. सुई लांब, मोठ्या नेढ्याची. दाभण नको, ते भोकं पाडतं. अंगुस्तान नसेल तर मधल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळा. मेणाचा एक तुकडा जवळ असू द्या. मेण ओढलेला दोरा कमी पिळतो.

थर अंथरण्यात घाई नको. फरशी पुसून पूर्ण कोरडी करा. खालचा थर उलटी बाजू वर करून पसरा, कोपऱ्यांवर भरलेले डबे किंवा वरवंटा ठेवा. त्यावर आतले तीन थर एकेक करून मधोमध ठेवत तळव्याने मधून कडेकडे सपाट करा. शेवटी वरचा थर, सुलटी बाजू वर. इथे बहुतेक जण एक चूक करतात: वरचं कापड छान दिसावं म्हणून ताणतात. वजन काढलं की ते आपल्या मापाला परत येतं आणि खालच्या बाजूला झोळ पडतो. नुसतं सपाट करा, ताणू नका.

मग कच्चे टाके. मधल्या बिंदूपासून चारही दिशांना, एकेक वितीच्या अंतरावर, दोन-दोन इंचांचे. याला तास-दीड तास जातो आणि तोच टाळण्याचा मोह होतो. तो वाचवला तर पुढे उसवण्यात दोन दिवस जातात. कच्च्या टाक्यांना वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, शेवटी काढताना सापडतो.

कडेला वरच्या आणि खालच्या थराचे दीड-दीड इंच आत दुमडा, आतले थर त्यांच्या मध्ये येतील असे. कोपऱ्यावर आधी टोक तिरकं आत घालून मग बाजू दुमडा, नाहीतर तिथे सुई शिरत नाही. कड दोनदा शिवा, कारण ओढताना पहिला ताण तिथेच येतो.

भरण्याचा टाका साधा धावदोराच. इंचात दोन ते तीन टाके पुरेत. पाच थरांतून बारीक टाका काढायला गेलं की मागच्या बाजूला तो सुटतो, म्हणून प्रत्येक ओळीनंतर गोधडी उलटून पाहा. दोरा हातभरच घ्या. गाठ थरांच्या मध्ये ओढून लपवा, दोरा संपताना दोन टाके मागे घेऊन आत सोडा. दोरा इतका आवळू नका की कापड गोळा होईल, इतका सैल नको की त्यात बोट अडकेल.

जुनी रीत कडेने सुरू करून चौकटीत चौकट शिवत मध्यापर्यंत जाण्याची. दिसायला तीच देखणी. पण सैल कापड ढकललं जात जात मधे फुगा येतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेने शिवतात, मात्र त्या ठिगळं शिवता शिवता लावत जातात, त्यामुळे वाढीव कापड दुमडीत सामावतं. अखंड कापडावर ती सोय नाही. पहिली गोधडी असेल तर मधली उभी ओळ आधी घाला आणि दोन्ही बाजूंना सरळ ओळी वाढवत न्या. नवख्या हाताला ८४ इंचांची एक ओळ अर्ध्या तासाची, म्हणजे सगळं काम अठ्ठावीस-तीस तासांचं.

बारशाला दुपटं द्यायचं असेल तर ३६ बाय ३६ इंच, तीन थर, सगळ्यात मऊ धोतर बाळाच्या अंगाकडे. ओळी अर्ध्या-पाऊण इंचावर, टाके लहान, म्हणजे बोटं अडकत नाहीत. गोंडे, आरसे, बटणं काही नको. आणि देताना स्पष्ट सांगा: वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत हे पांघरू नका, सुटं कापड तोंडावर येतं. मांडीवर घेताना किंवा जागेपणी खेळवताना खाली घालायला ते उत्तम.

मैत्रिणीच्या आईची साडी वापरायची असेल तर आधी विचारा. काहींना ती तशीच घडी करून ठेवायची असते. मिळालीच, तर पदराचा तुकडा वर मधोमध लावा आणि त्याखाली एक जादा मांजरपाटाचा तुकडा घाला, म्हणजे विरत चाललेलं सूतही तग धरतं.

देण्याआधी एकदा गार पाण्यात धुवा. पिळू नका, दोन दोऱ्यांवर आडवी टाकून उन्हात वाळवा. आतला थर वाळायला वरच्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. मधोमध हात दाबून ओल तपासा, कुबट वास तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात तयार झाली तर न धुता ठेवा आणि पहिल्या कडक उन्हाची वाट पाहा. घडीत त्याच दोऱ्याची छोटी गुंडी आणि उरलेल्या लुगड्याचा वीतभर तुकडा ठेवून द्या, पहिलं ठिगळ लावताना रंग जुळेल.