ब्रेकच्या तेलाची टाकी बसवण्याआधी

स्वतः बांधत असलेल्या विमानात ब्रेकची टाकी बसवायची वेळ आली की ड्रिल बाजूला ठेवा आणि आधी तेल ठरवा. विमानाच्या ब्रेकमधलं लाल तेल हायड्रोकार्बन जातीचं. त्याला नायट्राइल रबराचे सील लागतात. मोटारीतलं डॉट ३ किंवा डॉट ४ ग्लायकॉलचं. त्याला ईपीडीएम नावाचं वेगळं रबर लागतं, शिवाय सांडलं तर पत्र्यावरचा रंग सोलून काढतं. एकाच्या सीलला दुसरं तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि ब्रेक हातचे जातात. म्हणून मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा), कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा) आणि टाकीच्या झाकणातली रिंग, तिन्हींचं रबर कोणतं ते वहीत लिहून ठेवा.

लाल तेलातही निवड आहे. ५६०६ या क्रमांकाच्या जुन्या तेलाचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते) किमान ८२ अंश सेल्सिअस, तर ८३२८२ चा २०५. थेंब तापलेल्या डिस्कवर पडणार असेल तर हा फरक मोलाचा आहे. सील दोन्हींना तेच चालतात. अतिशय थंडीत ८३२८२ जास्त दाट होतं. तेवढं सोडलं तर मी तेच घेईन.

मग वेगळी टाकी हवी का, ते पाहा. काही मास्टर सिलिंडरना अंगचीच टाकी असते. नळ्या वाचतात, पण तेल घालायला पॅनेलखाली डोकं घालावं लागतं. फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीवरची टाकी काउल (इंजिनावरचं आवरण) काढलं की समोर दिसते. प्लास्टिकच्या टाकीत पातळी बाहेरून कळते हे खरं, पण इंजिनाच्या बाजूला मी धातूचीच लावीन, आणि फायरवॉलमधून जाणारी फिटिंग पोलादाची.

टाकीचा तळ सिलिंडरच्या तोंडापेक्षा वर हवा. शेपटीला चाक असेल तर शेपटी जमिनीवर आणि शेपटी उचललेली, दोन्ही स्थितींत मोजून पाहा. नळीला सलग उतार द्या. मध्ये उंचवटा राहिला की हवा तिथेच अडकते. जागा एक्झॉस्टपासून लांब निवडा. इंजिन सुरू-बंद होताना चांगलंच हलतं, तेव्हा त्याचा काही भाग टाकीला लागत नाही ना, तेही बघा. पातळ पत्र्यामागे आधाराची पट्टी लावा.

निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप नको. त्याचा तुकडा सिलिंडरच्या परतीच्या छिद्रात (पेडल सोडल्यावर तेल टाकीकडे जातं ते) बसला तर पेडल सोडूनही ब्रेक सुटत नाही. गळती रोखणारी पेस्ट लावा, पहिला आटा कोरडा ठेवून. ३७ अंशांच्या फ्लेअर जोडाला (नळीचं तोंड पसरवून केलेल्या) काहीच लावू नका. मोटारीचा ४५ अंशांचा जोड तिथे बसत नाही.

झाकणातलं हवेचं छिद्र उघडं आहे ना, बघा. पॅड झिजतात तशी पातळी उतरते, आणि त्या जागी हवा आत यायला वाट हवी.

तेल खालून, कॅलिपरच्या निपलमधून (हवा काढायच्या तोंडातून) वर चढवा. पेडल पूर्ण मोकळी ठेवा, नाहीतर परतीचं छिद्र बंद राहतं. टाकीपाशी एक माणूस उभा करा, आणि तेल तापून फुगेल म्हणून वर थोडी जागा सोडा. मग पेडल दाबून धरा, प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर लाल डाग आहे का ते पाहा.