ब्रिस्टलच्या अनाथालयांतील लाल धाग्याचा नमुना दोसूतीवर कसा भरावा

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर यांनी चालवलेल्या अनाथालयांतील मुलींनी एकोणिसाव्या शतकात भरलेले सॅम्पलर, म्हणजे टाक्यांचे नमुने, आज संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. १८३६ मध्ये विल्सन स्ट्रीटवर सुरू झालेले हे काम १८४९ पासून ॲशली डाउन येथील स्वतःच्या इमारतींत गेले आणि १८७० पर्यंत तेथे पाच इमारती उभ्या राहून २,०५० मुलांची सोय झाली. तेथील बहुतेक मुली पुढे घरकामाच्या नोकरीला जात. मोठ्या घरांतल्या चादरी, टॉवेल आणि मेजावरची कापडे धुलाईत मिसळू नयेत म्हणून त्यांवर मालकाची आद्याक्षरे व क्रमांक फुलीच्या टाक्याने भरण्याची पद्धत होती, आणि हे काम आपल्याला येते याचा पुरावा म्हणजे तो नमुना. म्हणूनच त्यात देखाव्यापेक्षा वेगवेगळ्या आकारांच्या वर्णमाला, आकडे, अरुंद किनारी आणि कोपऱ्यांच्या नक्ष्या यांचीच गर्दी असते. रंग बहुधा एकच, लाल. कारण टर्की रेड पद्धतीने रंगवलेला सुती धागा उकळत्या पाण्यातही रंग सोडत नसे.

असा नमुना भरण्यासाठी पांढरी किंवा मोतिया रंगाची दोसूती अथवा मॅटी, म्हणजे विणीतले चौकोन मोजता येतील असे कापड, घ्यावी. पुण्यात तुळशीबागेच्या परिसरात दोन्ही मिळतात, पण दुकानदाराच्या शब्दावर न जाता एका इंचात किती घरे (विणीतले चौकोन) बसतात ते उभे आणि आडवे दोन्हीकडून स्वतः मोजावे, कारण ठाणागणिक विणीत फरक पडतो आणि उभी-आडवी घरे सारखी नसतील तर अक्षरे चपटी दिसतात. कापड आणल्यावर आधी धुऊन आटवून घ्यावे. लाल धाग्याची लडी महागातली असली तरी तिची परीक्षा करावीच: धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात घट्ट दाबून ठेवावा आणि डाग उमटल्यास ती लडी या कामाला वापरू नये.

खरी मेहनत आखणीची आहे. इंचाला १४ घरे धरली तर १० इंच रुंदीत १४० घरे होतात. इंग्रजी अक्षराला ५ घरे आणि मध्ये १ मोकळे सोडले तर २६ अक्षरांना १५५ घरे लागतात, म्हणजे वर्णमाला एका ओळीत मावत नाही. अशा वेळी अक्षरे दाबून बसवू नयेत; उरलेली खालच्या ओळीत घ्यावीत आणि शिल्लक जागा आकड्यांनी किंवा छोट्या नक्षीने भरावी.

देवनागरी भरायची असेल तर हिशेब बदलतो. अक्षराच्या अंगाला ७ घरे दिली तर वेलांटी व मात्रेसाठी वर ३ आणि उकारासाठी खाली ३ अशी एकूण १३ घरांची ओळ धरावी लागते. शिरोरेषा हीच ओळीची किनार होत असल्याने पान फार देखणे दिसते, मात्र ‘ळ’ आणि ‘इ’ यांची वळणे ७ घरांत नीट बसत नाहीत, त्यांना रुंदी वाढवून द्यावी. नवख्यांनी ० ते ९ या आकड्यांपासून सुरुवात केलेली बरी.

कापडाचा मध्य काढून दर १० घरांवर फिक्या धाग्याचा धावदोरा घालावा. इंचाला १४ घरे असताना सहापदरी धाग्यातले दोन पदर पुरतात. बारीक विणीवर एकच घ्यावा. प्रत्येक फुली पूर्ण करूनच पुढे जावे आणि वरचा तिरका टाका सगळीकडे एकाच दिशेचा ठेवावा. गाठ मारू नये. धाग्याचे टोक मागच्या बाजूला पहिल्या काही टाक्यांखाली दाबून घ्यावे, आणि तीन-चार घरांपेक्षा जास्त अंतर असेल तर धागा ओढून नेण्याऐवजी तोडावा, कारण पांढऱ्या कापडातून मागचा लाल धागा पुढे दिसतो. आपल्याकडे भरतकामाची पाठ तपासणाऱ्या आज्या-मावश्या उगाच बोलत नसत; चादरीची तर दोन्ही अंगे वापरात येत, त्यामुळे तिथे पाठ झाकायला जागाच नव्हती. कापड ताणून धरणारी रिंग रोज काम थांबवताना काढावी, नाहीतर तिचा वळ कापडावर बसतो.

काम संपल्यावर गार पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, पिळू नये, आणि जाड टॉवेलवर उलटे ठेवून इस्त्री करावी. चौकटीत बसवताना गोंद वापरू नये. कापड पुठ्ठ्यावर ताणून मागून दोऱ्याने बांधावे आणि काच कापडाला टेकणार नाही एवढी फट ठेवावी. पुण्याच्या पावसाळी हवेत पुठ्ठा व कापड दोन्ही दमट राहून आत बुरशी धरते, म्हणून चौकटीचे काम दिवाळीनंतर करावे.

जुन्या नमुन्यांवर मुलींची नावे किंवा आद्याक्षरांच्या जोड्या आढळतात. नक्षी जरूर उतरवावी, पण त्या मुलीचे नाव उचलू नये. तेथे स्वतःची आद्याक्षरे आणि चालू वर्ष भरावे, म्हणजे उद्या कोणी तो जुना म्हणून विकायला काढणार नाही.