अर्थशास्त्राच्या तर्काने उकलणारी कॅम्पसवरील खुनाची कथा लिहिताना या चुका टाळा

विल्यम ब्राइट आणि केनेथ एल्झिंगा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी मार्शल जेव्हन्स या टोपणनावाने १९७८ पासून लिहिलेल्या रहस्यकथांत, हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री स्पिअरमन खुनाचा माग काढतात तो माणसे कशासाठी काय मोजायला तयार होतात यावरून. अशी कथा लिहू पाहणाऱ्याची पहिली चूक म्हणजे अर्थशास्त्राचा अर्थ पैसा असा घेऊन खुनामागे विमा किंवा मृत्युपत्र ठेवणे. ती लोभाची कथा होते आणि तिच्या उकलीला वकील पुरतो.

दुसरी चूक हेतूची आहे. अमेरिकी विद्यापीठांत ठरावीक वर्षांत कायम नेमणूक मिळाली नाही, तर साहाय्यक प्राध्यापकाला बहुधा बाहेर पडावे लागते. म्हणून नकार मिळालेला तरुण निवड समितीतील सदस्यांचा खून करतो, असे कथानक चटकन सुचते. परंतु समिती संपवून नोकरी परत मिळत नाही. झाले गेले गंगेला मिळाले, हे मानणारा तर्क खुनामुळे यापुढे कोणाचे काय वाचते, एवढेच विचारतो. सूडालाही माणूस मोल देतो, हे खरे. मात्र तसे असेल तर त्याने याआधीही एखाद्या अपमानापायी स्वतःचे नुकसान सोसल्याचे कथेत दिसले पाहिजे.

सर्वांत जास्त कथा फसतात त्या धाग्यादोऱ्यावर. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ च्या निबंधात दाखवले की भाव शोधण्यालाही खर्च येतो, म्हणून खरेदी जितकी मोठी तितका शोध जास्त. त्यांच्या आकडेवारीत मोटारींच्या तुलनेत कोळशाच्या भावांतील तफावत प्रमाणाने बरीच मोठी होती. आता समजा, मोटार पहिल्याच दुकानातून घेणारा प्राध्यापक सांगतो की खुनाच्या संध्याकाळी टंकलेखन यंत्राची स्वस्त फीत शोधण्यासाठी तो हार्वर्ड स्क्वेअरहून भुयारी रेल्वेने नदीपलीकडच्या बॉस्टनला गेला होता. विसंगती चांगली आहे, पण तिला पुरावा समजणे ही घोडचूक ठरेल, कारण त्याला भटकंतीच आवडत असेल, तर तो प्रवास खर्च नसून आनंद होता. ही शक्यता आधी मोडून काढावी, म्हणजे एरवी तो नदीपलीकडे जायचेही टाळतो हे सहज ओघात दाखवावे, आणि मगच दुकानदाराची साक्ष आणावी. संशय कुठे घ्यावा हे तर्क सांगतो, गुन्हा मात्र साक्षीनेच सिद्ध होतो.

गुन्हेगाराचा हिशेब मांडताना केवळ शिक्षेची भीती मोजू नये. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांच्या १९६८ च्या गुन्ह्यावरील विवेचनात पकडले जाण्याच्या संभाव्यतेलाही तितकेच स्थान आहे, आणि त्यांना ही कल्पना कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला उशीर होत असताना, गाडी नियम मोडून लावावी का, या विचारातून सुचली होती. कॅम्पसवरच्या लेखकाला यापेक्षा सोयीचा प्रसंग क्वचितच मिळेल.

शेवटच्या प्रकरणात उकल सांगणाऱ्या प्राध्यापकाचे व्याख्यान लांबू लागले, तर ते छाटत बसू नये. वाचकाला लागणारी माहिती आधी पेरलीच गेलेली नाही, असे त्यावरून समजावे आणि मोटारखरेदीचा प्रसंग खुनाच्या कितीतरी आधी, जेवणाच्या टेबलावरील गप्पांत नेऊन ठेवावा.