घरातल्या घरात रिमोट डेस्कटॉप: या चुका टाळा

रिमोट डेस्कटॉप म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसरा कॉम्प्युटर उघडून चालवण्याची विंडोजची सोय. तो जोडला गेला नाही की विंडोज एक ठरावीक एरर दाखवतं: समोरच्या कॉम्प्युटरवर रिमोटची सोय चालू नसेल, तो बंद असेल, किंवा नेटवर्कवर सापडत नसेल. तीन शक्यता एका दमात, आणि त्यातली नेमकी कुठली ते सांगत नाही. मग माणूस हाताला येईल ते बदलत सुटतो. फायरवॉल बंद कर, अँटिव्हायरस काढून टाक, राउटर रिसेट कर. तासाभराने जोडणी झालीच, तर कशामुळे झाली ते कळत नाही आणि बंद केलेली फायरवॉल तशीच राहून जाते.

म्हणून क्रम सोडू नका. आधी कॉम्प्युटर जागा आहे का, मग पत्ता (नेटवर्कवरचा आयपी नंबर) बरोबर आहे का, मग पोर्टपर्यंत (रिमोट डेस्कटॉपचं ठरावीक नंबराचं दार) पोचता येतं का, आणि शेवटी नाव-पासवर्ड. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासून बघा.

विंडोज कुठलं आहे ते न बघणं

सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात अबाउट. तिथे ‘होम’ लिहिलं असेल तर त्या कॉम्प्युटरवरून दुसरीकडे जाता येईल, पण त्याच्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येणार नाही. त्यासाठी प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते. होमवरच ही सोय चालू करून देणारे पॅच इंटरनेटवर मिळतात, पण त्या वाटेला जाऊ नका. विंडोजचं अपडेट आलं की ते बंद पडतात, आणि सिस्टीमच्या आतल्या फाइलशी खेळणारं अनोळखी सॉफ्टवेअर आपण स्वतःहून आत घेतलेलं असतं. होम आवृत्ती असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क किंवा व्हीएनसी वापरा.

झोपलेला कॉम्प्युटर

धाकट्या भावाचा फोन आला होता. “दादा, सकाळी जोडलं जातं, जेवून आलो की जात नाही.” त्याने तोवर दोनदा राउटर बदलून पाहिला होता. कारण होतं स्लीप! अर्धा तास कुणी हात लावला नाही की कॉम्प्युटर झोपत होता, आणि झोपलेला कॉम्प्युटर रिमोट डेस्कटॉपला उत्तर देत नाही. पॉवर सेटिंग्जमध्ये वीज जोडलेली असताना स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद होऊ दिली तरी चालते. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय व्हावं, तेही वेगळं ठरवावं लागतं.

दिवसभर चालू ठेवायचा नसेल तर वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटर जागा करण्याची सोय आहे. त्यात नेटवर्क कार्डाला एक छोटं पाकीट पाठवतात: सुरुवातीला ठरावीक ६ बाइट, मग त्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) १६ वेळा. ही सोय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये) आणि विंडोजमधल्या नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे चालू लागते. केबलवर हे नीट चालतं, वायफायवर त्याचा भरवसा धरू नका.

काल चाललेला पत्ता आज वापरणं

राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते काही मुदतीपुरते देतो. काल १९२.१६८.१.२५ असलेला कॉम्प्युटर आज १९२.१६८.१.३१ असू शकतो. त्यामुळे आधी त्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही पत्ते दाखवणारी कमांड चालवा. इथे एक फसगत हमखास होते. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) किंवा व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) टाकलेलं असेल तर यादीत तीन-चार पत्ते दिसतात आणि आपण वरचा पहिला उचलतो. ज्या कार्डाखाली डीफॉल्ट गेटवेपुढे (नेटवर्कबाहेर जायच्या दारापुढे) राउटरचा पत्ता भरलेला आहे, बहुतेक वेळा तेच आपलं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्या कार्डाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. रिमोट डेस्कटॉप बाजूला ठेवा, आधी केबल किंवा वायफाय बघा.

पत्ता कायम ठेवायचा तर राउटरमध्येच त्या कॉम्प्युटरच्या नावे राखून ठेवा. विंडोजमध्ये मनानेच एखादा आकडा टाकला आणि तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यात पडला, तर कधीतरी तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला जातो आणि दोघंही अडखळतात. वायफायवर असाल तर ‘रँडम हार्डवेअर अॅड्रेस’ बंद आहे ना, तेही पाहा. मॅक पत्ता बदलत राहिला तर राखून ठेवलेल्या जागेचा उपयोग होत नाही.

घर एक, नेटवर्क दोन

यात माझ्या स्वतःच्या दोन संध्याकाळी गेल्या. पत्ता बरोबर, कॉम्प्युटर जागा, तरी जोडणी होईना. शेवटी दोन्हीकडचे गेटवे शेजारी लिहून पाहिले: एकीकडे १९२.१६८.१.१, दुसरीकडे १९२.१६८.०.१. इंटरनेटवाल्यांनी बसवलेल्या राउटरमागे मी माझा राउटर लावला होता, आणि एक कॉम्प्युटर पुढच्याला जोडलेला होता, दुसरा मागच्याला. पुढच्या बाजूने मागे शिरता येत नव्हतं. मागचा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पुढच्याचंच नेटवर्क पुढे देऊ लागला, आणि प्रश्न मिटला. गेस्ट वायफायचंही असंच होतं. ते पाहुण्यांना घरच्या यंत्रांपासून लांब ठेवण्यासाठीच असतं, त्यामुळे तिथून दुसरा कॉम्प्युटर दिसत नाही. ऑफिसचं व्हीपीएन चालू असलेल्या लॅपटॉपवरूनही घरातलं नेटवर्क दिसेनासं होऊ शकतं. तपासताना ते बंद करा.

फायरवॉल सरसकट बंद करणं

बंद करण्याआधी मोजून घ्या. ज्या कॉम्प्युटरवरून जोडणार आहात तिथे पॉवरशेल उघडा, टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) लिहा, पुढे पत्ता आणि -Port 3389 द्या (३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट). शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर रस्ता मोकळा आहे, अडचण पुढे नाव-पासवर्डात असणार. फॉल्स आलं तर समोरच्या कॉम्प्युटरवर जाऊन दोन गोष्टी बघा: रिमोट डेस्कटॉपचं बटण खरंच चालू आहे का, आणि नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ तर राहिला नाही ना. घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असायला हवं. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिच्यातही परवानगी द्यावी लागते.

पिन म्हणजे पासवर्ड नव्हे

‘क्रेडेन्शियल्स (म्हणजे नाव-पासवर्ड) चालले नाहीत’ असा निरोप आला तर ती चांगली बातमी समजा. कॉम्प्युटर जागा आहे, पत्ता बरोबर आहे, पोर्ट उघडं आहे. आता राउटरला हात लावायचं कारण नाही.

इथे सगळ्यात जास्त लोक अडतात ते पिनपाशी. रोज पिन टाकून आत जायची सवय असते, म्हणून तोच इथे टाकला जातो. पण पिन त्या एका यंत्रापुरता असतो. रिमोटला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज रिमोटने आत घेत नाही. ही सुरक्षेची मुद्दाम ठेवलेली अट आहे. ती पॉलिसीतून काढू नका, पासवर्ड ठेवा.

मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर आणखी एक खोच आहे. त्या कॉम्प्युटरवर पासवर्ड कधी टाकलेलाच नसेल, पहिल्यापासून पिन किंवा चेहराच, तर पासवर्ड अचूक असूनही नाकारला जाऊ शकतो. साइन-इन ऑप्शन्समध्ये ‘फक्त विंडोज हॅलो’चा (पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने आत जाण्याचा) पर्याय बंद करा, लॉगआउट व्हा आणि एकदा त्याच कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून आत जा. नावाच्या जागी पूर्ण ईमेल लिहा. स्थानिक खातं असेल तर कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव. अॅडमिन नसलेल्या माणसाला ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ या गटात वेगळं घालावं लागतं.

सर्टिफिकेटचा (समोरच्या कॉम्प्युटरच्या ओळखपत्राचा) इशारा घरात येणारच, कारण ते त्या कॉम्प्युटरने स्वतःच बनवलेलं असतं. नाव-पत्ता आपलाच आहे ना, एवढं बघून पुढे जा. आणि तुम्ही आत शिरलात की समोरची स्क्रीन लॉक होते, तो बिघाड नाही. दोघांना एकच स्क्रीन बघायची असेल, म्हणजे आईला फोनवरून काही समजावून सांगायचं असेल, तर विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरा.

राउटरमध्ये ३३८९ उघडणं

घरात जमलं की बाहेरूनही हवंसं वाटतं, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरने थेट घरातल्या कॉम्प्युटरकडे पाठवण्याचा, सल्ला कुठेही सापडतो. कृपा करून हे करू नका. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं छिद्र उघड झालं. त्यात रिमोट डेस्कटॉपमधून पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं, आणि ते इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. पोर्टचा नंबर बदलून लपता येत नाही, कारण पत्ते आणि पोर्ट चाळत बसणारे प्रोग्रॅम सगळेच नंबर चाळतात. बाहेरून यायचं असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केल या व्हीपीएनने आधी घरच्या नेटवर्कमध्ये या, मग नेहमीसारखं जोडा. पूर्वी कधी ते पोर्ट उघडलं असेल तर राउटरच्या फॉरवर्डिंगच्या यादीतली ती ओळ आजच काढा, आणि मोबाइल डेटावरून घराचा बाहेरचा पत्ता घेऊन जोडून बघा. जोडलं जाता कामा नये.