मशीनवरचा एक्स-बार आर चार्ट: ऑफसेटला हात कधी लावायचा आणि कधी नाही

नाशिकचं अंबड, सातपूर नाहीतर सिन्नर, कुठल्याही मशीन शॉपमध्ये शिरा, भिंतीवर कंट्रोल चार्ट, म्हणजे मोजलेल्या साईजचे पॉइंट वेळेप्रमाणे टाकायचा आलेख, लटकलेला असतो, आणि जवळ जाऊन बघितलं तर शेवटचा पॉइंट मागच्या कस्टमर ऑडिटच्या आदल्या दिवसाचा, तोही आख्खा महिना एकाच पेनाने एका बैठकीत भरलेला. अशा चार्टचा उपयोग शून्य, म्हणून हे लिहितोय. चार्ट ऑडिटरसाठी नसतोच, तो मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरसाठी असतो, आणि त्याचं मुख्य काम म्हणजे "आत्ता ऑफसेटला हात लावू नको" हे सांगणं. "लाव" हे तो फार क्वचित सांगतो. ऑफसेट म्हणजे टूल किती आत-बाहेर घ्यायचं तो मशीनमध्ये भरलेला आकडा, तो बदलला की साईज बदलते.

उदाहरण घेऊ. सीएनसी टर्निंगवर पिन चाललीय, ओडी (बाहेरचा व्यास) २५ एच७ (स्मॉल एच), म्हणजे २५.००० ते २४.९७९ मिलिमीटर, टोटल टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन).

सगळ्यात आधी मोजायचं कशाने ते बघा. ०.०२ लीस्ट काउंटचा व्हर्नियर असेल तर तो बाजूला ठेवा, त्याच्या एका घरात तुमचं जवळजवळ सगळं टॉलरन्स बसतं. १ मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर किंवा एअर गेज पाहिजे. मग १० जॉब घ्या, त्यांना नंबर टाका, तीन जणांना प्रत्येक जॉब दोन-तीनदा मोजायला द्या आणि आधीचं रीडिंग कुणाला दाखवू नका. यालाच गेज आर अँड आर म्हणतात. मोजण्यातली गडबड १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर असेल तर चार्ट काढूच नका, कारण तो प्रोसेसचा न होता माणसांच्या हाताचा चार्ट होईल. आणि जॉब गरम असताना मोजू नका राव. २५ मिलीचं स्टील १० डिग्रीला साधारण ३ मायक्रॉन वाढतं. जॉब आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला असले तर फार फरक पडत नाही, पण कूलंटमधून काढलेला कोमट जॉब आणि एसी रूममधून आणलेला मायक्रोमीटर अशी जोडी जमली की मग बसा भांडत.

आता रीडिंग. तासाला एकदा, लागोपाठ निघालेले ५ जॉब. लागोपाठच हं, दर दहा मिनिटाला एक असे गोळा केलेले नकोत, कारण या पाचांमधला फरक म्हणजे मशीनचा स्वतःचा, त्या क्षणाचा फरक असला पाहिजे. दोन मशीनचे जॉब एका चार्टवर कधीच नको, दोन स्पिंडल असतील तरी चार्ट दोन. लिहिताना २४.९९१ वगैरे पूर्ण आकडा लिहायची गरज नाही, २५.००० पासून किती मायक्रॉन कमी तेवढंच लिहा, चुका कमी होतात. समजा आले −९, −११, −१२, −८, −१०. बेरीज −५०, सरासरी −१०. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यातला फरक ४, ही रेंज. सरासरीचा (एक्स-बार) पॉइंट वरच्या चार्टवर, रेंजचा (आर) खालच्या. झालं, दोन मिनिटांचं काम.

आणि एक रकाना नोंदीचा ठेवा, तो चार्टपेक्षा जास्त कामाचा. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापायचं टोक) बदलला, नवीन बारचा लॉट लागला, लाईट गेली आणि मशीन परत चालू केलं, शिफ्ट बदलली, सगळं वेळेसकट लिहायचं. पुढे पॉइंट बाहेर गेला की "काय झालं होतं रे तेव्हा" हे आठवून कुणालाही सांगता येत नाही, तिथे हा रकानाच वाचवतो.

असे पाच-पाच जॉबचे २०-२५ गट, म्हणजे सबग्रुप, झाले की कंट्रोल लिमिट काढायच्या. तोवर शक्यतो ऑफसेटशी खेळू नका, हलवलाच तर नोंद. समजा सगळ्या सरासरींची सरासरी आली −१० म्हणजे २४.९९०, आणि रेंजची सरासरी ५ मायक्रॉन. ५ च्या सबग्रुपला ए-टू हा तक्त्यातला ठरलेला आकडा ०.५७७ असतो, म्हणून ०.५७७ गुणिले ५, जवळपास २.९. वरची लिमिट २४.९९२९, खालची २४.९८७१. रेंजच्या चार्टला तसाच डी-फोर हा आकडा २.११४, वरची लिमिट १०.६, खालची शून्य.

लिमिट एवढ्या जवळ आल्या की हमखास कुणीतरी म्हणतं, "साहेब, ड्रॉइंगला तर २१ मायक्रॉन दिलेत, आपण सहातच का अडकायचं?" आणि मग चार्टवर ड्रॉइंगच्या रेषा मारल्या जातात. हे करू नका. ड्रॉइंग म्हणजे कस्टमरला काय पाहिजे, कंट्रोल लिमिट म्हणजे तुमचं मशीन काय देतंय, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यात चार्टवर सरासरी आहे, सरासरी एकेका जॉबपेक्षा कमीच हलते, त्यामुळे सरासरी टॉलरन्सच्या आत दिसत असतानाही आतले दोन जॉब रिजेक्ट असू शकतात. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ साली बेल समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत कंट्रोल चार्ट पहिल्यांदा मांडला तेव्हापासून लिमिट प्रोसेसच्या आकड्यांवरूनच काढतात.

आता ऑफसेटचं. रेंजची सरासरी ५ भागिले २.३२६ (हाही तक्त्यातला आकडा) केलं की सिग्मा, म्हणजे एकेका जॉबच्या पसाऱ्याचं माप, येतो २.१५ मायक्रॉन, म्हणजे काहीही न बिघडता एकेक जॉब सरासरीच्या तीन सिग्मा, साधारण साडेसहा मायक्रॉन, वर-खाली जाणारच. ऑपरेटर एक जॉब मोजतो, ४ मोठा निघाला की लगेच ऑफसेट ४ ने कमी, पुढचा ३ लहान निघाला की ३ ने वर. त्याला वाटतं मी लक्ष ठेवून आहे, आणि खरंच प्रामाणिकपणे करत असतो बिचारा. पण प्रत्येक जॉबनंतर असं पूर्ण करेक्शन दिलं तर पसारा सुमारे ४१ टक्के वाढतो, हे गणिताने सिद्ध आहे. साडेसहाचे नऊ झाले. टॉलरन्सच्या अर्ध्यात साडेदहाच आहेत, म्हणजे चांगलं मशीन आपण हाताने काठावर नेऊन ठेवलं.

मग हात लावायचा कधी? पॉइंट लिमिटच्या बाहेर गेला तर, किंवा लागोपाठ ८ पॉइंट मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आले तर. सुरुवातीला एवढे दोनच नियम पाळा, पुस्तकातले सगळे एकदम लावले तर रोज खोट्या घंटा वाजतील आणि आठवड्यात लोक चार्टकडे बघायचं बंद करतील. आधी रेंजचा चार्ट बघा, तो बाहेर असेल तर वरच्या चार्टला अर्थच नाही. रेंज वाढली की इन्सर्टचा स्क्रू, चकचे जॉ, कूलंटचं प्रेशर, नाहीतर मोजणारा बदललाय का ते तपासा, तिथे ऑफसेट देऊन काही होत नाही. सरासरी सरकली असेल तर इन्सर्टची झीज, नवीन लॉट, तापमान.

ओडी टर्निंगमध्ये इन्सर्ट झिजला की साईज हळूहळू वाढते, चार्टवर सरळ चढण दिसते आणि नवीन इन्सर्ट लावला की धपकन खाली. त्याला दरवेळी धावत जाऊन करेक्शन देण्यापेक्षा किती जॉबनंतर किती मायक्रॉन वाढते ते चार्टवरून काढा आणि तेवढ्या जॉबनंतर ठरलेलं करेक्शन, ठरलेल्या जॉबला इन्सर्ट बदली, असं लिहून टाका. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत अजून एक गंमत होते, सकाळच्या शिफ्टला शॉप गारठलेला असतो, स्पिंडल थंड, आणि पहिल्या तासाचे पॉइंट एका बाजूला पडून नंतर आपोआप जागेवर येतात. तिथे ऑफसेट दिला की तासाभराने उलटा द्यावा लागतो. मशीन रिकामं फिरवून गरम करा, कितीवेळ ते तुमच्याच चार्टवर दिसेल.

सीपीके, म्हणजे प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते तो आकडा, सगळ्यात शेवटी. चार्ट स्थिर नसताना काढलेला सीपीके फक्त पीपीएपीच्या (पार्टच्या मंजुरीसाठी कस्टमरला द्यायच्या कागदपत्रांच्या) फाईलची शोभा. आपल्या पिनचा काढू: वरच्या हद्दीपासून सरासरी १० मायक्रॉन लांब, भागिले तीन सिग्मा म्हणजे ६.४५, आलं १.५५. खालच्या बाजूने १.७१. लहान असेल तो धरायचा, १.५५. कस्टमर १.३३ मागत असेल तर निवांत, १.६७ मागत असेल तर सरासरी बरोबर मध्ये आणूनही १.६३ च येईल, म्हणजे ऑफसेटने भागणार नाही, रेंजच कमी करावी लागेल.

एकदा काढलेल्या लिमिट रोज बदलू नका. बाहेर गेलेला पॉइंट कारण सापडलं असेल तरच हिशेबातून काढायचा, दिसायला वाईट दिसतो म्हणून नाही. फिक्श्चर बदललं, मशीन रिकंडिशन केलं, इन्सर्टचा ग्रेड बदलला आणि चार्ट खरंच नवीन जागी बसला, की नवे २०-२५ सबग्रुप घ्या आणि लिमिट परत काढा, जुना कागद मात्र फाडू नका, त्याच्या नोंदी लागतात.